बोरझरीचे बेथेस्दा कुंड

त्या वर्षी चैत्रात कृपादास महाराजांचा मुक्काम बोरझरीला पडला. नगरच्या पूर्वेकडचा तो कोरडा मुलूख. माळावर खुरट्या बाभळी, मधून ओढ्याची तापलेली वाळू आणि ओढ्याच्या काठाने आमच्या ख्रिस्ती मंडळीची चाळीस घरांची वस्ती. महाराजांची सत्तरी उलटली होती, तरी खांद्यावर घोंगडी आणि हातात वीणा घेऊन ते गावोगाव पायी जात आणि कीर्तनातून प्रभू येशूचे शुभवर्तमान सांगत. त्यांच्या दयेच्या कथा तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. ही त्यांच्या रागाची आहे. ज्यांनी मला ती सांगितली, त्यांचाही आवाज सांगताना चढत असे. माझा चढला तर मला सांभाळून घ्या.

महाराज बोरझरीला आले ते बोलावल्यावरून. वस्तीच्या कुंडाला पंचवीस वर्षे पुरी होत होती आणि रविवारी मोठी उपासना ठरली होती. या कुंडाची हकीकत आधी सांगायला हवी. गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाऊल ठेवू देत नसत. बायका रिकामी घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाही आली तर बायका तशाच परत. एका दुष्काळात मंडळीने ठरवले की आता कोणाच्या दारात उभे राहायचे नाही. ओढ्याकाठच्या खडकात एक बारीक झरा होता. तिथे लोकांनी दोन उन्हाळे खणले, दगड घडवले, बावीस पायऱ्यांचे कुंड बांधले, तिन्ही बाजूंना पडव्या काढल्या, भोवती भिंत आणि भिंतीला एक दार. दारावरच्या शिळेवर त्या वेळच्या पाळकांनी नाव कोरून घेतले: बेथेस्दा.

यरुशलेमेत त्या नावाचे तळे होते. त्याच्या पडव्यांत आंधळे, लंगडे, लुळे पडून असत. पाणी हालले की जो आधी उतरेल तो बरा होई. तिथे अडतीस वर्षे पडून राहिलेला एक माणूस होता. त्याला पाण्यात उतरवायला कोणी नव्हते. प्रभू त्याच्यापाशी गेले आणि त्याला उठवले. बेथेस्दा म्हणजे दयेचे घर. पाळकांनी तेव्हा सांगितले होते, की आपण पाण्यावाचून तळमळलो, तर आपल्या पाण्यावरून कोणी परत जाऊ नये, म्हणून हे नाव.

कुंड खणणाऱ्यांत पेत्रस आढाव नावाचा एक पाथरवट होता. शेवटच्या पडवीचे काम चालू असताना दोर तुटला आणि शिळा त्याच्या पाठीवर आली. तो वाचला, पण कमरेखालचे अंग गेले. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पुढे अंगणात बसून तो लोकांच्या जात्यांना टाकी लावून देई. त्याची बायको हन्नाबाई दर रविवारी उपासना सुटली की त्याला पाठीवर घेई, बावीस पायऱ्या उतरे आणि त्याला पाण्यात बसवी. त्यांचे पाहून आसपासच्या वाड्यांतले दुखणाईतही येऊ लागले. कोणाच्या पायाला जखम, कोणाला डोळ्यांनी दिसत नाही. कोणी बरे होई, कोणी होत नसे. पण परत कोणी जात नसे.

आता अहरोन मास्तरांकडे वळतो. मास्तर मंडळीच्या पंचांत पहिले. वस्तीतल्या दोन पिढ्यांना त्यांनी अक्षरे शिकवली, हे त्यांचे उपकार कोणी नाकारणार नाही. तरुणपणी ते धर्मविद्यालयात राहून इब्री, म्हणजे जुन्या कराराची मूळ भाषा शिकून आले होते आणि ती आपल्याला येते हे ते कोणाला विसरू देत नसत. रविवारी शहरातून मोठे पाहुणे यायचे होते. पडव्यांतून पसरलेली ती चिंध्यांतली माणसे पाहुण्यांनी पाहावीत हे मास्तरांना सोसवेना. त्यांनी कुंडाच्या दाराला लोखंडी फाटक बसवले, त्याला कुलूप घातले आणि सांगितले की यापुढे दुखणाइतांनी कुंडात उतरायचे नाही.

पाहुणे यायच्या आधीच्या रविवारी हन्नाबाई नेहमीप्रमाणे पेत्रसला पाठीवर घेऊन आली आणि फाटकाशी अडली. चारचौघे जमलेले होते. मास्तर तिला म्हणाले, पंचवीस वर्षं ह्याला बुडवतेस, एक अंगठा तरी हलला का? लोक हसले. हन्नाबाईने खाली बघत विचारले, की ह्यांनीच तर हे बांधले आणि नाव दयेचे घर आहे ना?

तेव्हा मास्तरांनी आपली विद्या बाहेर काढली.

"दया हा एक अर्थ झाला," ते म्हणाले. "अरामी बोलीत त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे. लाज. बेअब्रू. ह्याला असा पाठीवर लटकवून तू पाहुण्यांसमोर आलीस, तर तो दुसरा अर्थ खरा होईल."

पेत्रस बायकोच्या पाठीवर होता. त्याला तिथून निघूनही जाता येत नव्हते. हन्नाबाई वळली आणि तशीच घरी गेली. वाटेत तिच्या मानेवर काहीतरी गरम टपटपले. तिने मागे पाहिले नाही. त्या दिवसापासून पेत्रस कोणाशी बोलेना. हातातला छिन्नी-हातोडाही त्याने टाकून दिला.

पुढच्या गुरुवारी महाराज आले. बोरझरीला आले की ते आधी कुंडावर जात आणि पाय धूत. त्या दिवशी पाहतात तो फाटकाला कुलूप. बाहेर भिंतीच्या तुटपुंज्या सावलीत पेत्रस बसलेला आणि हन्नाबाई ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावरून आणलेले गढूळ पाणी लोट्याने त्याच्या पायांवर ओतते आहे. महाराजांनी विचारले. हन्नाबाईने सांगितले, जेवढे सांगता आले तेवढे. उरलेले पेत्रसने भिंतीकडे तोंड करून सांगितले. महाराजांनी वीणा हन्नाबाईपाशी ठेवली आणि ते मास्तरांच्या घरी गेले.

मास्तरांनी पाट मांडला, पाणी पुढे केले. महाराज उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि कुलपाचे विचारू लागले. मास्तरांनी शांतपणे कारणे सांगितली: लोकांच्या जखमा पाण्यात धुतल्या जातात, त्यातून रोग पसरतात, मंडळीचे नाव खराब होते, शिस्त म्हणून काही असावी लागते. पाहुणे गेले की दुखणाइतांना आठवड्यातून एक वेळ नेमून देता येईल.

महाराजांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "मास्तर, तुमच्या आईला गावच्या विहिरीवरून हाकलत, तेव्हा हाकलणारे काय कारण सांगत?"

मास्तर एकदम लाल झाले. त्याचा इथे काय संबंध, असे त्यांनी विचारले.

"पाणी बाटेल म्हणत. त्यांच्याजवळही स्वच्छतेचंच कारण होतं." महाराजांचा आवाज चढला आणि शेजारच्या अंगणातल्या बाया उठून उभ्या राहिल्या. "तुमची आई रिकामी घागर घेऊन परतली आणि तिच्या लेकानं पाण्याला कुलूप लावलं. त्यांनी हाकललं ते अज्ञानानं म्हणू. तुम्ही शिकून लावलंत."

मास्तरांनी स्वतःला सावरले. त्यांनी किंचित हसून सांगितले, की महाराज कीर्तनकार आहेत, भोळे आहेत. मूळ भाषा त्यांना येत नाही, म्हणून एका नावाला ते एवढे कवटाळून बसले आहेत.

"येत नाही," महाराज म्हणाले. पाण्याच्या तांब्याला हात न लावता ते निघाले.

ते सरळ ओढ्यात उतरले. ओलीच्या जागेतून त्यांनी दोन ओंजळी चिखल उपसला, कुंडाच्या दाराशी एक धोंडा लोटला, त्यावर चढले आणि शिळेवरची अक्षरे चिखलाने लिंपू लागले. लोक धावले. हे देवाच्या वचनातले नाव आहे, महाराज, हे काय करता, असे ते विनवू लागले.

"म्हणूनच झाकतोय," महाराज म्हणाले. "त्या नावाखाली कुलूप दिसायला नको."

मग ते खाली उतरले आणि पेत्रसच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. रविवारी मी कीर्तन करणार नाही, एवढे त्यांनी पंचांना सांगितले. अन्न घेतले नाही. पंच चिडले. कोणी म्हणाले म्हातारपणी बुद्धी फिरली, कोणी म्हणाले पाहुण्यांपुढे मंडळीचे नाक कापले. मास्तरांनी सगळ्यांना गप्प केले आणि तयारी पुढे चालवली.

शुक्रवारी त्यांनी कुंड उपसायला लावले. तळ घासून स्वच्छ करायचा म्हणून झऱ्याच्या तोंडात चिंध्या कोंबून वर दगड ठोकला. संध्याकाळपर्यंत माणसांनी बादल्यांनी कुंड कोरडे केले आणि तळ घासला. दुसऱ्या दिवशी शनिवार, तालुक्याचा बाजार. पाहुण्यांच्या जेवणाचे सामान आणायला वस्तीतली बहुतेक माणसे सकाळीच गेली. घरोघरी म्हातारी माणसे आणि लेकरे तेवढी उरली; पंचांपैकी मास्तर एकटे मागे राहिले. दुपारी ते कुंडावर आले. भिंतीशी बसलेल्या तिघांकडे त्यांनी पाहिलेही नाही. फाटक उघडून आत गेले, आणि हे लोक मागोमाग शिरतील म्हणून आतून पुन्हा कुलूप लावून किल्ली खिशात टाकून खाली उतरले.

तळ नीट घासला गेला का, हे त्यांना बघायचे होते. झऱ्याच्या तोंडाशी थोडा गाळ राहिला होता. तो काठीने कोरताना ठोकलेला दगड सुटला. रात्रभर तुंबलेल्या पाण्याचा लोट आला, त्याने झऱ्याकडेची सैल झालेली एक शिळा ढकलली आणि ती मास्तरांच्या पायावर येऊन बसली. मास्तर पाठीवर पडले. उठून बसले तेव्हा पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत आले होते आणि पाय निघत नव्हता.

त्यांची किंकाळी वरपर्यंत आली. हन्नाबाई फाटकाशी धावली. किल्ली खाली. तिने गज हातांनी ओढले, मग घरी पळत जाऊन पेत्रसची जुनी पहार घेऊन आली. महाराजांनी ती कुलपात घातली आणि सगळा भार टाकला. तीन दिवसांच्या उपाशी अंगात एवढे बळ कुठून आले कोण जाणे, कुलूप तुटले. दोघे खाली धावले. शिळेला पहार लावून पाहिली, हातांनी ढकलली, ती तसूभरही सरकली नाही. पाणी मास्तरांच्या छातीला लागले होते. बाजाराला गेलेले लोक दिवस कलल्याशिवाय परतणार नव्हते. हन्नाबाई पाण्यात बसली, तिने मास्तरांचे डोके आपल्या खांद्यावर उचलून धरले आणि महाराज पहार घेऊन पायऱ्या चढून वर आले.

पेत्रस भिंतीशी होता. त्याने सगळे ऐकले होते.

महाराजांनी त्याला सांगितले, की मास्तर दगडाखाली आहेत, पाणी चढते आहे, आणि आम्हा दोघांना शिळा हलत नाही.

"मग बुडू द्या," पेत्रस म्हणाला.

पेत्रसच्या तोंडून मग पंचवीस वर्षांचे बाहेर पडू लागले. "ह्या दगडांनी माझी कंबर घेतली. मी कधी तक्रार न्हाई केली. माझ्या बायकोचं त्यानं चारचौघांत हसं केलं. मला म्हणाला लाज. कशापायी काढू मी त्याला? मला त्याचा राग येतो, महाराज. लई राग येतो."

"मलाही येतो," महाराज म्हणाले. "तीन दिवस मला प्रार्थना करता आली नाही, तोंडात त्याचंच नाव येतं. राग सोडून दे असं मी तुला सांगणार नाही. त्याची चूक लहान आहे असंही सांगणार नाही." ते वाकले आणि त्यांनी पहार त्याच्या हातात दिली. "त्या तळ्याकाठी पडलेल्या माणसाला पाण्यात उतरवायला कोणी नव्हतं. ह्याला पाण्यातून काढायला कोणी नाही. शिळा कशी सरकते ते तुला ठाऊक आहे. राग घेऊनच ऊठ, पेत्रस. पण प्रभूच्या नावानं ऊठ."

पुढे त्या बावीस पायऱ्या पेत्रस कसा उतरला, हे पाहणारे एकटे महाराज होते आणि त्यांनी ते जन्मभर कोणाला सांगितले नाही. हन्नाबाईची पायऱ्यांकडे पाठ होती. तिला ऐकू आल्या त्या नवऱ्याच्या शिव्या. तो मास्तरांना शिव्या देत होता, त्यांच्या फाटकाला, त्यांच्या इब्री भाषेला, त्यांच्या पाहुण्यांना देत होता, आणि प्रत्येक शिवी आधीच्यापेक्षा जवळून येत होती. मग तिच्या कानाशी तो म्हणाला, "सरक जरा." पहार पाण्यात गेली. तिने वर पाहिले.

पेत्रस कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. एक पाय तळावर रोवलेला, दुसरा पायरीला लावलेला. मास्तरांच्या हनुवटीला पाणी लागले होते, त्यांचेही डोळे त्या पायांवर खिळले होते. हन्नाबाईने तोंडातून अवाक्षर काढले नाही. आपण बोललो आणि ह्यांनी खाली पाहिले तर हे पडतील, अशी तिला भीती वाटली. पेत्रसने पहारेचे टोक शिळेच्या खालच्या सांध्यात घातले, मधला भाग पायरीच्या कडेला टेकवला आणि दात आवळून अंग टाकले. शिळा कण्हल्यासारखा आवाज करत उचलली गेली. हन्नाबाईने आणि महाराजांनी मास्तरांना काखेत धरून ओढले. पाय निघाला.

मास्तरांना त्यांनी वर पडवीत आणून टाकले. पेत्रस मागून आला. शेवटच्या पायरीवर आल्यावर त्याने प्रथम आपल्या पायांकडे पाहिले. तो भिंतीला धरून उभा राहिला. हन्नाबाई त्याच्याजवळ गेली, वाकून तिने त्याची पावले दोन्ही हातांनी चाचपली, दाबली, आणि तिथेच बसून ती रडू लागली. पेत्रसने आभाळाकडे पाहून हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावर अजून राग होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते.

महाराजांनी घोंगडीची पट्टी फाडली आणि बांबूच्या कामट्या लावून मास्तरांचा मोडलेला पाय बांधू लागले. मास्तर वेदनेने पांढरे पडले होते. हे कसे झाले, असे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. ते प्रभूला विचारा, असे म्हणून महाराजांनी पट्टी आवळली. त्यांचा हात हलका होता, पण बोलणे हलके नव्हते.

"तुम्ही म्हणालात त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. असतील. मूळ भाषा मला येत नाही, पण घर मला कळतं. दुखणं, पंगूपण, फाटकं लुगडं, हे सगळं घेऊन माणूस ज्या घरात येतो, तिथे दया असली की त्याला लाज वाटत नाही. दया काढून घेतली की त्याच घरात लाज तेवढी उरते. तुम्ही दयेला बाहेर काढून कुलूप लावलंत. मग आत काय राहिलं होतं, मास्तर?"

मास्तरांनी तोंड फिरवले. लोक बाजारातून परतले तेव्हा पेत्रस ओढ्याकाठी चालत होता. दहा पावले जाई, थांबे, परत येई. लोकांनी डोक्यावरची गाठोडी खाली टाकली. महाराजांनी सगळ्यांना गुडघ्यांवर बसवले आणि तीन दिवसांनी त्यांच्या तोंडून प्रार्थना निघाली.

रविवारी पाहुणे आले. फाटक बिजागऱ्यांसकट उखडून बाजूला पडले होते, शिळेवरचा चिखल वस्तीतल्या बायांनी पहाटे धुऊन काढला होता, आणि पडव्या पाच वाड्यांच्या दुखणाइतांनी भरल्या होत्या. मास्तरांना बाजेवर घालून आणले. त्यांनी पाहुण्यांसाठी भाषण लिहून ठेवले होते. ते काही त्यांनी वाचले नाही. कुलपाची हकीकत त्यांनी स्वतः सांगितली, काही न झाकता, हन्नाबाईला आपण काय म्हणालो त्या शब्दांसकट. मग चौघांना सांगून त्यांनी बाज खाली ठेवायला लावली आणि मोडका पाय ओढत ते जमिनीवर उतरले.

हन्नाबाई आणि पेत्रस पडवीच्या कडेला बसले होते. मास्तर घसटत त्यांच्यापर्यंत गेले आणि मला क्षमा कर, बाई, असे म्हणाले.

पेत्रसने आपले पाय मागे घेतले. सगळी मंडळी हन्नाबाईकडे पाहत होती.

"मास्तर, जिवाला लागलंय ते एका दिसात जायाचं न्हाई," ती म्हणाली. "मला अजून झोप लागत न्हाई. लोक हसले ते कानात वाजतंय." तिने पदराने तोंड पुसले. "पण तुमचा पाय बरा व्हायला पाणी लागंल. तुमी या. मी धरून उतरवीन."

मास्तरांनी दोन्ही हात पुढे टेकले आणि कपाळ तिच्या पायांपुढच्या दगडावर ठेवले. त्यांचे खांदे हलत होते. पाहुण्यांपैकी एकजण त्यांना उठवायला पुढे झाला, तेव्हा महाराजांनी हात आडवा करून त्याला थांबवले आणि मास्तरांना बराच वेळ तसेच राहू दिले.